पेंग्विनला पंचवीस मिनिटं, वाइनला अडीच तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत केपटाऊनवर पानभर लेख आहे. वर फोटो छापलाय तो बर्फावर उभ्या असलेल्या एम्परर पेंग्विनचा. तो पक्षी अंटार्क्टिकातला, उंचीला साडेतीन-चार फूट. केपटाऊनजवळचा आफ्रिकन पेंग्विन जेमतेम दोन फुटांचा, छातीवर काळा पट्टा, डोळ्यांच्या वर गुलाबी डाग, आणि ओरडतो अगदी गाढवासारखा. लेखात पुढे ‘आपल्या राणीच्या बागेत आहेत तेच’ असंही लिहिलंय. राणीच्या बागेतले हम्बोल्ट, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. भावकीतले खरे, पण तेच नव्हेत. मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलं तुमच्या पुरवणीतली चित्रं कापून वहीत चिकटवतात, म्हणून सांगावंसं वाटलं.

केप पॉइंटला अटलांटिक आणि हिंदी हे दोन महासागर मिळतात, हे लेखातलं वाक्यही बरोबर नाही. आफ्रिकेचं दक्षिण टोक केप अगुल्हास, हद्द तिथे धरतात. पण आम्हालाही केप पॉइंटवर हेच सांगितलं होतं, तेव्हा ते सोडून देते.

सोडवत नाही ते शेवटच्या परिच्छेदातलं वाक्य: ‘बोल्डर्स बीचला अर्धा तास पुरे, पेंग्विनसोबत सेल्फी काढा आणि वायनरीसाठी वेळ राखून ठेवा.’

अहो, आमच्या टूरनं नेमकं हेच केलं! गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीनं तिकिटं काढून दिली. मी एकच हट्ट धरला होता, पेंग्विन बघायचे. ज्यांच्याबद्दल जन्मभर फळ्यावर चित्रं काढून शिकवलं, ते एकदा डोळ्यांनी बघायचे.

त्या दिवशी सकाळी हाउट बेला सील बघितले, चॅपमन्स पीकच्या घाटरस्त्यानं केप पॉइंटला गेलो. तिथे बबून माकडांनी आमच्यातल्या एकाची वेफर्सची पिशवी पळवली, त्या गडबडीत वेळ गेला. बोल्डर्स बीच ज्या गावात आहे त्या सायमन्स टाउनला बस थांबली तेव्हा टूर मॅनेजर म्हणाला, “पंचवीस मिनिटं हं, पुढे वाइन टेस्टिंगचं बुकिंग आहे.” बसपासून फाटक, तिकिटं, मग लाकडी फळ्यांची वाट. हे काठी टेकत चालणारे. आम्ही वाटेच्या मध्यावर पोचतोय तोवर पुढे गेलेली मंडळी परतायला लागली होती.

तिथेच, वाटेच्या कडेला एका झुडपाखाली एक पेंग्विन उभा होता. अंगावरची पिसं चिंध्यांसारखी लोंबत होती, मधेच नवी काळी पिसं चमकत होती. पायाशी पांढऱ्या पिसांचा खच. डोळे अर्धे मिटलेले. आमच्यातल्या एकीनं विचारलं, “आजारी आहे का हो?” दुसऱ्यानं कठड्यावरून वाकून मोबाइल त्याच्या तोंडाशी नेला. तो बिचारा मान तिरकी करून मागे सरकला, पण मागे झुडूपच होतं, सरकणार कुठे? तिथली रखवालदार बाई धावत आली, त्या माणसाला बाजूला केलं आणि मग शांतपणे आम्हाला समजावून सांगितलं. हा आजारी नाही, पिसं बदलतोय. सगळी पिसं एकदम गळतात, नवी यायला तीन आठवडे लागतात. तोवर अंगात पाणी शिरतं म्हणून समुद्रात जाता येत नाही, म्हणजे खाणं बंद. आधी भरपूर मासे खाऊन अंगावर चरबी चढवलेली असेल तरच तो तगतो. तरीही वजन निम्म्याच्या जवळपास उतरतं.

मी विचारलं, आणि मासे मिळाले नसतील तर? तिनं नुसती मान हलवली.

इतक्यात टूर मॅनेजरचा फोन, सगळे बसमध्ये बसलेत, या लवकर. मला त्या बाईला अजून कितीतरी विचारायचं होतं. हे म्हणाले, तू थांब, मी सांगतो त्याला. पण बत्तीस माणसं खोळंबलेली, कसं थांबणार? ज्या किनाऱ्यावर पेंग्विनांचा थवाच्या थवा असतो, तिथल्या वाळूपर्यंत मी पोचलेच नाही.

नंतर कॉन्स्टान्शियाच्या द्राक्षमळ्यात अडीच तास. मळे सुंदर आहेत, डोंगराच्या कुशीत, तिथे १६८५ पासून वेली लावताहेत. वाइनला माझा विरोध नाही. माझी मुलगी नाशिकला राहते, तिकडच्या मळ्यांत मी हौसेनं हिंडले आहे. पण आमच्या बत्तीसातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ग्लासाला हात लावला नाही. आम्ही ओकच्या झाडाखाली बसून होतो. त्यातला एक तास तर दुकानात खरेदीसाठी होता. तो तास पेंग्विनांना दिला असता तर काय बिघडलं असतं?

तुमच्या लेखकाला हे माहीत असायला हवं होतं की आफ्रिकन पेंग्विन २०२४ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. शंभर वर्षांपूर्वी हे पक्षी लाखांत होते, आता प्रजनन करणाऱ्या दहा हजार जोड्याही उरलेल्या नाहीत. आधी माणसानं त्यांची अंडी नेली. ज्या विष्ठेच्या थरात ते बिळं करत, तो थर खत म्हणून खरवडून नेला. आता त्यांचे मासे नेतोय. ते मासे म्हणजे आपली तारली, मालवणीत पेडवे म्हणतात ते, आणि मांदेलीच्या जातीतले. तिकडेही ते माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनीच उपसतात. पर्ससीन म्हणजे काय हे रत्नागिरीच्या वाचकाला तुम्ही सांगायची गरज नाही, आमच्या बंदरावर त्यावरून किती भांडणं झाली ते तुम्हीच छापलंय. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या न्यायालयात पक्षी वाचवणाऱ्या संस्था आणि मासेमारी उद्योग यांच्यात तडजोड झाली आणि सहा मोठ्या वसाहतींभोवती मासेमारीबंदीचे पट्टे ठरले. ही बातमी कोकणातल्या वाचकाच्या किती जवळची आहे!

आणि माणसानं चांगलंही केलंय. २००० साली ‘ट्रेझर’ नावाचं जहाज तिथे बुडून तेल सांडलं, तेव्हा तेलानं माखलेले सुमारे १९ हजार पेंग्विन हजारो स्वयंसेवकांनी हातांनी धुतले. जवळपास तेवढेच न माखलेले पक्षी ट्रकमध्ये घालून दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडले. ते पोहत घरी येईपर्यंत पाणी स्वच्छ व्हावं म्हणून. तिघांच्या अंगावर यंत्रं बसवून त्यांचा प्रवास लोक रोज बघत होते. हे पक्षी आले परत, शेकडो किलोमीटर पोहून! पानभर लेखात याला चार ओळी मिळू नयेत?

सायमन्स टाउनमध्ये पाट्या आहेत, गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पेंग्विन नाही ना ते बघा. ज्या गावचे लोक रोज गाडीखाली वाकून बघतात, त्या गावात जाऊन सेल्फी काढा म्हणून तुम्ही सांगता, याचा मला राग आला.

जाता जाता आणखी एक. लेखाच्या खाली त्याच पानावर केपटाऊन टूरची पाव पान जाहिरात आहे, आणि तिच्यातला कार्यक्रम आणि लेखातला कार्यक्रम ओळीनं सारखा आहे. लेख कंपनीकडून आला असेल तर तसं वर लिहा. वाचकाला तो लेख वाटतो.

सोबत त्या पिसं गळणाऱ्या पेंग्विनचा फोटो पाठवते आहे. यांनी लांबून, वाटेवरूनच काढलाय, थोडा हलला आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल तेव्हा एम्पररच्या जागी तो छापा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी