द्राक्षातला औषधाचा अंश (रेसिड्यू) मोजता, मग हवेतला कोण मोजणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे काही महिने सकाळ-संध्याकाळ ब्लोअरचा, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचा, आवाज असतोच, कधी डावणी-भुरीसारखे बुरशीचे रोग, कधी थ्रिप्स ही कीड, आणि मधेच पाऊस झाला की परत फवारणी. मी स्वतः बागायतदार आहे, औषध मारूच नका असं म्हणणाऱ्यातला नाही, न मारता बाग हाती लागत नाही. पण माल युरोपला जायचा तर आधी बागेतलं सॅम्पल लॅबला जातं, कितीतरी औषधांचे अंश तपासतात, बऱ्याच औषधांना तिकडची मर्यादा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, आणि 2010 ला सीसीसी (वेलीची वाढ रोखायला मारतात ते औषध) च्या अंशापायी माल अडकला होता ते इथे कोणी विसरलेलं नाही. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाईकाच्या पोटात काय जातं ते दशांशापर्यंत ठाऊक आणि बागेला लागून असलेल्या झेडपी शाळेतली पोरं श्वासातून काय घेतात त्याचा एक आकडा नाही!

शेवटच्या ओळीला ब्लोअर वळतो तेव्हा तुषार बांधापलीकडे जातातच, दोरीवरच्या कपड्यांवर पिवळट ठिपके पडतात ते तरी दिसतात. वाफ दिसत नाही. काही औषधं फवारल्यावर नंतरही पानांवरून उडत राहतात, म्हणून फक्त फवारणीच्या दिवशी मोजून भागत नाही. देशाच्या हवेच्या मानकांत 2009 पासून 12 घटक आहेत, धूळ, अमोनिया, शिसं, बेन्झीन वगैरे, कीटकनाशक एकही नाही, त्यामुळे मोबाईलवर एक्यूआय चांगला दिसला तरी त्यात औषधाचा हिशोबच नसतो.

बरं हे मोजणं काही अशक्य नाही. पंपाने हवा ओढायची, बारीक कण फिल्टरवर आणि वाफ मागच्या फोममध्ये अडकते, तो फोम लॅबमध्ये धुवून द्राक्षं तपासतात तसल्याच मशिनवर लावायचा. पुण्याजवळ मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात रेसिड्यू तपासणारी माणसं आहेत, मशिनं आहेत. फ्रान्सने 2018-19 मध्ये वर्षभर 75 औषधं हवेत शोधली तर 1998 पासून बंद असलेलं लिंडेन हे कीटकनाशकसुद्धा सापडलं. कॅलिफोर्नियात 2011 पासून शेतीपट्ट्यातल्या गावांमधे असं मोजतात.

यवतमाळला 2017 मध्ये फवारणीत माणसं गेली तेव्हा मास्क-हातमोज्यांची चर्चा झाली, ती बरोबरच होती, पण शेजारच्या घरातल्या म्हातारीला कुठला मास्क?

आकडे आले की खापर शेतकऱ्यावरच फुटेल अशी भीती आमच्यात आहे, ती खोटी पण नाही. तरी मोजा. कमी निघाले तर उगाच उठणाऱ्या वावड्या थांबतील, जास्त निघाले तर कुठलं औषध बदलायचं आणि शाळेच्या वेळेत कुठली फवारणी टाळायची ते आम्हाला कळेल. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कृषी खात्याने एका हंगामापुरते तरी चार गावांच्या शाळांवर सॅम्पलर बसवावेत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, नुसती वेबसाईटवर पीडीएफ टाकून मोकळं होऊ नये.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड