हॉल बांधायला पैसे आहेत, चालवायला?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या क्रीडासंकुलाचे पैसे कोणी घालायचे, राज्य सरकारने, शहर वसवणाऱ्या सिडकोने की महापालिकेने, यावर आपल्या पत्रस्तंभात बरेच लिहून येत आहे. मात्र सगळी पत्रे बांधकामाच्या आकड्यापाशी येऊन थांबतात. माझी सारी नोकरी एका पालिकेच्या लेखा विभागात गेली, त्यामुळे माझी नजर आपोआप शेजारच्या रकान्यावर जाते. इमारत भांडवली, म्हणजे एकदाच होणाऱ्या खर्चातून उभी राहते आणि पुढे महसुली, म्हणजे दरवर्षीच्या खर्चावर चालते. संकुलातल्या बंदिस्त क्रीडागृहाच्या, म्हणजे हॉलच्या बाबतीत हा दुसरा रकानाच सगळे ठरवतो, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

जागेची कथा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घणसोली सेक्टर १२ आणि १२अ मधली सुमारे २० एकर जमीन शासकीय क्रीडासंकुलासाठी ठरलेली होती. मधल्या काळात तिचा काही भाग घरे आणि दुकाने बांधायला खासगी विकासकाला दिला गेला. पुढे २०२१ मध्ये सरकारने संकुलच उचलून माणगाव तालुक्यातल्या नाणोरे गावी, म्हणजे सुमारे ११५ किलोमीटर लांब न्यायचे ठरवले. घणसोलीच्या पोराने सरावाला रोज माणगावला जावे, ही कल्पना ज्या टेबलावर सुचली त्या टेबलावर नकाशा नसावा. वास्तुविशारदांच्या संस्थेने दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा निर्णय रद्द केला. जागा वाचली, हे खरे. पण न्यायालय जागा वाचवू शकते. तिथे रोज सकाळी कुलूप कोण उघडणार, हे न्यायालय ठरवत नाही.

'आधी पाणी, गटारे, रस्ते. खेळ नंतर' असा एका वाचकाचा आक्षेप आहे. कायद्याच्या भाषेत त्यांचे बरोबर आहे. महापालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. क्रीडागृह ऐच्छिक कामांत मोडते. पण ज्या पालिकेकडे मोरबेसारखे स्वतःच्या मालकीचे धरण आहे, जिचे अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या वर गेले आहे आणि जिला पतमानांकनात, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीच्या मोजमापात, वर्षानुवर्षे 'डबल ए प्लस' हा वरचा दर्जा मिळत आला आहे, तिने ऐच्छिक कामांना हात आखडता घेण्याचे कारण काय? वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृहही ऐच्छिकच आहे. ते नफ्यात चालते का, असे आजवर कोणी विचारल्याचे मला आठवत नाही, आणि विचारूही नये. मग खेळाच्या हॉलचे नाव निघाले की लगेच 'स्वयंपूर्ण मॉडेल', म्हणजे हॉलने आपला खर्च आपणच भागवावा ही अट, कुठून येते?

आता दुसऱ्या रकान्याचा साधा हिशेब मांडतो. समजा सहा बॅडमिंटन कोर्टांचा हॉल झाला. सकाळी सहा ते रात्री दहा म्हणजे सोळा तास, म्हणून दिवसाला ९६ कोर्ट-तास. तासाला शंभर रुपये दर ठेवला आणि एकही तास रिकामा गेला नाही तरी दिवसाचे ९,६०० आणि महिन्याचे २ लाख ८८ हजार रुपये. प्रत्यक्षात दुपारी अकरा ते चार हॉल ओसच असतो, आणि शाळेच्या मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत असे धरले तर निम्मेही हाती येणार नाहीत. म्हणजे जमा दीड लाखाच्या आत.

खर्चाच्या बाजूला या. चोवीस तास एक सुरक्षारक्षक हवा म्हटले की तीन पाळ्या येतात. आठवड्याच्या २१ पाळ्या एका माणसाला सहा या दराने वाटल्या की साडेतीन माणसे होतात, म्हणजे चार. तेवढेच सफाई कामगार, एक वीजतंत्री, एक व्यवस्थापक. या दहा जणांच्या किमान वेतनातच दीड लाख उडून जातात. महावितरणचे बिल, जाळ्या, दिवे, छपराची डागडुजी आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षकांचे मानधन अजून धरलेलेच नाही. तूट येणार हे कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या कोणालाही दिसते. तूट येण्यात वावगे काही नाही, वाचनालयही तुटीतच चालते. वावगे आहे ते तूट येणार हे माहीत असून ठरावात न लिहिणे.

कारण न लिहिलेली तूट वसूल होतेच, फक्त वेगळ्या खिशातून. त्याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे, गाव आणि नाव सांगत नाही. एका पालिकेने हौसेने लाकडी फ्लोअरिंगचा हॉल बांधला. देखभालीच्या लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या नोंदीत, पहिल्या वर्षी बऱ्यापैकी रक्कम, दुसऱ्या वर्षी निम्मी आणि तिसऱ्या वर्षी टोकन तरतूद, म्हणजे लेखाशीर्ष जिवंत राहावे म्हणून टाकलेले हजार रुपये. मग 'उत्पन्नवाढीसाठी' हॉल भाड्याने द्यायला सुरुवात झाली. आधी योगशिबिर, मग साड्यांचे प्रदर्शन, मग साखरपुडे. एका सोमवारी सकाळी गेलो तर तिथला प्रशिक्षक गुडघ्यांवर बसून पात्याने जमिनीवरची चिकटपट्टी खरवडत होता. स्टॉल आखायला लावलेली ती पट्टी कोर्टाच्या पांढऱ्या रेषेवरच होती, तिच्याबरोबर रेषेचा रंगही निघत होता. लोखंडी खुर्च्यांच्या पायांनी लाकडाला अर्धचंद्रासारखे खळगे पडले होते. कोपऱ्यात तेलाचा डाग होता, त्यावर कोणीतरी रांगोळीची पूड टाकून ठेवली होती. आठ-दहा मुली बूट हातात घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्या दिवशी सराव झाला नाही. कोणी खाल्ले, कोणी लुबाडले अशातलाही भाग नव्हता. सगळे नियमानुसार, पावती फाडून झाले होते.

दुसरी वाट म्हणजे ठेकेदाराला चालवायला देणे. त्यावर फार लिहीत नाही. खासगी कोर्ट आज आपल्याकडे तासाला चारशे-पाचशेच्या खाली मिळत नाही आणि ठेकेदाराला पालिकेची जागा मिळाली तरी तो दर त्याच्या आसपासच नेणार, त्याला त्याचे घर चालवायचे आहे. मग पालिकेने पैसे घालून नेमके कोणाचे भले केले?

उलट उदाहरणासाठी फार लांब जायचीही गरज नाही, ट्रान्सहार्बरची लोकल पकडा. ठाणे महापालिकेची सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजना पाहा. १९८० पासून सलग आठ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या आणि १९८८ मध्ये लखनौत ज्याची हत्या झाली त्या खेळाडूच्या नावाची ही योजना. श्रीकांत वाड यांच्यासारखे प्रशिक्षक तिथे वर्षानुवर्षे टिकले आणि अक्षय देवलकरसारखा आंतरराष्ट्रीय खेळाडू ठाण्यातून घडला. ठाण्याची तिजोरी काही नवी मुंबईइतकी भरलेली नाही. तरीही पालिकेने नुसता हॉल बांधून हात झटकले नाहीत, प्रशिक्षणाची योजना आपल्या नावावर चालवली. त्याच पालिकेने चिंतामणराव देशमुखांच्या नावाने स्पर्धा परीक्षांची संस्थाही चालवली आहे, तिथून अधिकारी झालेली मुले आज राज्यभर आहेत. इमारतीपेक्षा सातत्याला फळ येते, हे ठाणेकरांना विचारा. (ठाण्यातल्या बाकीच्या नागरी सुविधांबद्दल मात्र त्यांना विचारू नका, गाडी चुकेल.)

बंदिस्तच हॉल कशाला, मैदाने आहेत की, असेही एका पत्रात होते. पत्रलेखक बहुधा कोकणपट्टीत नवे असावेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपली मैदाने म्हणजे चिखल असतो. आणि शालेय कबड्डी, खो-खोच्या स्पर्धांना सुरुवात होते ती नेमकी पावसाळ्यात. मुले घसरत, गुडघे फोडत खेळतात किंवा स्पर्धा पुढे ढकलल्या जातात. पाऊस सरतो न सरतो तोच मैदानावर मंडप येतात. सानपाड्याच्या उड्डाणपुलाखाली पालिकेने कोर्ट आखून जाळ्या लावल्या, त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण पुलाखाली वारा आहे, धूळ आहे. तिथे शटल कुठे टाकले आणि कुठे पडले याचा मेळ लागत नाही, कबड्डीच्या मॅट अंथरता येत नाहीत. ती हौशी खेळाची उत्तम सोय आहे, सरावाची जागा नव्हे.

बांधकामाबद्दल एकच गोष्ट, कारण काटछाट नेहमी तिथेच होते. बॅडमिंटनला कोर्टावर निदान नऊ मीटर मोकळी उंची लागते, मोठ्या स्पर्धांना बारा. अंदाजपत्रक फुगले की अभियंता पहिल्यांदा छप्पर खाली आणतो, कारण त्यात पोलाद वाचते आणि उद्घाटनाच्या फोटोत ते दिसत नाही. मग आयुष्यभर प्रत्येक उंच टोला तुळईला लागतो आणि तो हॉल फक्त साखरपुड्यांच्या कामाचा उरतो. दिवेही कोर्टाच्या डोक्यावर नकोत, बाजूला हवेत, नाहीतर वर पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. या गोष्टी निविदेतच लिहिलेल्या असाव्यात. ऐरोलीच्या रखडलेल्या नाट्यगृहाच्या पायाच्या खड्ड्यात पावसाळ्यामागून पावसाळा पाणी साचताना ज्यांनी पाहिले, त्यांना निविदा किती बारकाईने लिहावी लागते हे वेगळे सांगायला नको.

माझी मागणी एवढीच आहे. निधीला मंजुरी देणाऱ्या ठरावातच पुढच्या दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च वर्षनिहाय लिहावा आणि त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. राज्याचे अनुदान मिळाले तर जरूर घ्यावे, सिडकोकडून जमिनीचा हिस्सा वसूल करावा, पण चालवण्याचा खर्च पालिकेने स्वतःच्या मालमत्ता करातून उचलावा, म्हणजे मागायला दुसरीकडे जावे लागणार नाही. शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंतची वेळ पालिका शाळांच्या मुलांसाठी राखून ठेवावी आणि ती कोणत्याही कारणाने भाड्याने देता येणार नाही असे ठरावात शब्दशः म्हणावे. खेळाव्यतिरिक्त वापराला परवानगी द्यायची असेल तर ती सभागृहाने द्यावी, खात्याने नव्हे. नवी मुंबईत मे २०२० पासून काही वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांच्या सहीने चालला. त्या काळात अशा परवानग्यांवर प्रश्न विचारायला सभागृहात कोणी नव्हते, म्हणून हे कलम आत्ताच घालून ठेवलेले बरे.

आणि एक. दर महिन्याला किती कोर्ट-तास वापरले गेले, त्यातले किती मुलांचे, किती पैसे जमा झाले आणि किती तूट आली, याचा एक कागद विभाग कार्यालयाच्या फलकावर लावावा. तो तयार करायला एका लिपिकाला अर्धा तास पुरतो. मी तसे कागद तयार केले आहेत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी
कोपरखैरणे, नवी मुंबई