गेम चांगला आहे हो, पण त्यात चालायचं कसं ते कोण सांगणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीतलं परीक्षण वाचून मी मागच्या महिन्यात आईसाठी एक अ‍ॅडव्हेंचर गेम घेतला. त्यात लिहिलं होतं गोष्ट मस्त, चित्रं मस्त, कोडी विचार करायला लावणारी, घाई नाही, मारामारी नाही, म्हणजे आईसाठीच बनवलाय असं मला वाटलं. आई रिटायर झाल्यापासून असलेच गेम खेळते, 'सायबेरिया' तिने दोनदा संपवलाय, एक हात माऊसवर आणि दुसऱ्या हातात पेन, कारण वहीत आकडे आणि खुणा लिहून ठेवायच्या असतात. तर हा नवीन गेम चालू केला आणि कळलं की डाव्या हाताने कीबोर्डच्या डब्ल्यू-ए-एस-डी ह्या बटणांवर चालायचं आणि उजव्या हाताने माऊस हलवून कॅमेरा फिरवायचा, दोन्ही एकाच वेळी. मी शेजारी बसून बघत होते. गेममधली बाई भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालतेय, आईने माऊस जरा सरकवला की कॅमेरा छताला, परत सरकवला की जमिनीला, दार समोर दिसतंय आणि दारापर्यंत काही पोचता येत नाहीये. दहा मिनिटांनी तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "अगं मला ते दार उघडायचंय हे तुला कळतंय ना, मग ह्याला का नाही कळत?"

परीक्षणात ह्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते परत काढून वाचलं, खरंच नव्हतं. संगीतावर एक अख्खा परिच्छेद होता.

तुमच्या लेखकांवर राग नाही, चांगलं लिहितात ते, पण पात्र हलवायचं कसं ही गोष्ट परीक्षणात येतच नाही किंवा आलीच तर 'कंट्रोल्स सुटसुटीत आहेत' एवढ्यावर भागवतात, आणि सुटसुटीत म्हणजे कोणासाठी? माझ्या भाच्यासाठी सुटसुटीत ते आईसाठी नाही, आणि उलटही तेवढंच खरं. भाच्याला मी एकदा जुना पॉइंट अँड क्लिक गेम दिला, तर पाच मिनिटांत कंटाळला, म्हणे मावशी हा माणूस मी चालवत नाहीये, मी त्याला पत्ता सांगतोय आणि तो त्याच्या सवडीने जातोय. हे मला फार पटलं कारण नेमका फरक तोच आहे. क्लिक करून खेळताना तुम्ही जागा सांगता, रस्ता गेम शोधतो. काठीने म्हणजे कंट्रोलरवरच्या अंगठ्याने ढकलायच्या स्टिकने खेळताना रस्ता तुमचा. एकाला वाटतं मी विचार करतोय, दुसऱ्याला वाटतं मी तिथे आहे.

ह्यातलं काहीच नवीन नाही खरं तर. सत्तरच्या दशकातल्या टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरमध्ये उत्तरेला जा असं टाईप करायचं आणि पुढची जागा शब्दांत वाचायची, तिथे चालणं ही भानगडच नव्हती. 1984 च्या 'किंग्ज क्वेस्ट' मध्ये पडद्यावर चालणारा माणूस आला, बाण दाबला की तो चालू लागायचा आणि परत दाबेपर्यंत थांबायचा नाही, त्यामुळे वेलीवर चढताना एक चूक झाली की खाली पडून मेला, परत सेव्ह लोड करा. ती वेल ज्यांनी चढलीये त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. मग 1987 ला 'मनियॅक मॅन्शन' आला, पडद्याच्या खाली उचल, ढकल, उघड अशी क्रियापदं आणि वर चित्र, क्लिक करा आणि निवांत बसा. 1993 च्या 'मिस्ट' ने तर पात्रच काढून टाकलं, चित्राच्या कडेला क्लिक केलं की तुम्ही वळता, फक्त कधी काटकोनात वळलात आणि कधी अर्धा फेरा झाला ते कळायचं नाही, मी त्या बेटावर एकाच खांबाला किती प्रदक्षिणा घातल्या असतील देव जाणे.

पण खरा घोळ सुरू झाला थ्रीडी आल्यावर, आणि त्याचं कारण जरा नीट सांगते कारण लोक ह्याला नुसतं 'जुने कंट्रोल्स वाईट' म्हणून सोडून देतात. 1992 चा 'अलोन इन द डार्क' आणि 1996 चा 'रेसिडेंट ईव्हिल' ह्यांच्यात कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात पक्का ठोकलेला असतो. तुम्ही खोलीत पुढे गेलात की एकदम दुसऱ्या कोपऱ्यातून दिसायला लागतं. आता समजा तुम्ही उजवीकडे चालताय, बटण उजवीकडचं दाबलंय, आणि कॅमेरा बदलून समोरच्या बाजूला गेला. आता तेच उजवं झालं डावं. बटण पडद्याप्रमाणे चालत असेल तर पात्र गर्रकन वळून मागे येणार, मागे आलं की कॅमेरा परत पहिल्या जागी, की परत पुढे, असं उंबरठ्यावर पिंगपाँग. म्हणून त्यांनी टँक कंट्रोल्स ठेवले. वरचा बाण म्हणजे पात्राच्या नाकासमोर, कॅमेरा कुठे का असेना, डावा-उजवा बाण म्हणजे जागेवर वळणं. रणगाड्यासारखं वाटतं म्हणून टँक. बेढब आहे, मान्य, पण कॅमेरा कितीही उड्या मारू दे, बोट दाबून ठेवलंय तोपर्यंत माणूस सरळच जातो. हे सुचणाऱ्यांना मी हुशार म्हणेन.

त्याच सुमारास 1998 ला 'ग्रिम फँडँगो' आला, आणि अ‍ॅडव्हेंचरवाल्यांनी माऊस काढूनच टाकला. चालणं मुख्यतः टँक कंट्रोल्सवर. उचलण्यासारखी वस्तू जवळ आली की नायक मॅनी नुसती मान तिकडे वळवतो, तेवढीच खूण. मला ती मान वळवणं अजून आवडतं, एखाद्या माणसाबरोबर फिरल्यासारखं वाटतं, पडद्यावर ठिपके शोधत बसावं लागत नाही. पण टेबल, खुर्च्या, दाराच्या चौकटी ह्यांच्यावर तो इतका आपटायचा की एका चाहत्याने पुढे स्वतःच बसून त्याला माऊसवर चालवायची सोय करून दिली. मग 2015 ला रीमास्टर, म्हणजे जुनाच गेम नव्याने सजवून, निघाला त्यात पॉइंट अँड क्लिक पण दिलं, पडद्याप्रमाणे चालणारी स्टिक पण दिली आणि टँक पण ठेवले, वर टँकवर गेम पूर्ण करणाऱ्यासाठी वेगळी ट्रॉफी! म्हणजे त्रास सोसल्याबद्दल सत्कार. मला ते बघून हसू आलं होतं आणि मी ती ट्रॉफी मिळवलीपण, सांगायला लाज नाही.

'ब्रोकन स्वोर्ड' ह्या अ‍ॅडव्हेंचर मालिकेचंही असंच झालं. पहिले दोन माऊसवर, 2003 च्या तिसऱ्यात थेट कीबोर्डवर पात्र चालवायचं, आणि आता चालवता येतंय म्हटल्यावर काहीतरी चालवण्यासारखं द्यायला पाहिजे ना, म्हणून खोकी ढकलायची कोडी. खोकं ढकला, त्यावर चढा, परत दुसरं खोकं. लोक इतके वैतागले की आजही त्या गेमचं नाव काढलं की पहिली खोकी आठवतात. 2006 च्या चौथ्यात माऊस परत आला आणि पाचवा तर परत सपाट टूडी चित्रांवर. मला वाटतं कंट्रोल बदलला की फक्त हात बदलत नाहीत, कोड्यांची जातच बदलते, आणि हे बनवणाऱ्यांना कधी कधी उशिरा कळतं.

म्हणूनच 'सगळे पर्याय द्या की, काय जातंय' असं जे लोक म्हणतात त्यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही, जरी मला स्वतःला पर्याय हवे असले तरी. 'टूम रेडर' घ्या. 1996 चा पहिला गेम चौकोनांवर रचलाय, सगळ्या उड्या चौकोनात मोजलेल्या. कड्याच्या टोकाला उभं राहायचं, एक उडी मागे घ्यायची, मग धावायचं आणि जम्प, बरोबर टोकावरून उडी निघते. हिशोब पक्का. 2024 ला पहिल्या तिन्हींचा रीमास्टर आला त्यात मॉडर्न कंट्रोल्स दिलेत, स्टिक जिकडे तिकडे नायिका लारा, धावायला एकदम झकास वाटतं. मी खूष होऊन त्यावरच सुरुवात केली, आणि पहिल्या बऱ्यापैकी मोठ्या दरीत चार वेळा पडले कारण ती मागची उडी मला तिथे नीट घेताच येईना आणि पाय नक्की कुठल्या रेषेवर आहे ते कळेना. शेवटी गुपचूप टँकवर आले, पहिल्या फटक्यात पलीकडे. जागाच त्या चालीसाठी बांधलेली असेल तर नुसती चाल बदलून भागत नाही. उलट 'रेसिडेंट ईव्हिल' चा 2015 चा एचडी बघा, पडद्याप्रमाणे चालायचा पर्याय दिला आणि कॅमेरा बदलला तरी स्टिक सोडेपर्यंत जुनीच दिशा धरून ठेवतो, त्यामुळे ते पिंगपाँग जवळजवळ गेलं. तिथे दारं आणि बोळ आहेत, मोजून मारायच्या उड्या नाहीत, म्हणून चाललं. थोडा घाबरवणारा दम कमी झाला असं जुने लोक म्हणतात, असेल, झॉम्बी समोर असताना वळायला वेळ लागणं ह्यातच अर्धी भीती होती.

माऊसवाल्यांची बाजू घेताना एक कबूल करते, क्लिक करून चालवण्यात पण खूप त्रास आहे, फक्त आम्ही त्याला सरावलोय. पात्र लांबलचक पडदा ओलांडतंय आणि आपण हनुवटीला हात लावून बसलोय, हे किती वेळा. ज्या गेममध्ये डबल क्लिक केल्यावर पात्र धावतं किंवा सरळ पुढच्या पडद्यावर जातं तो गेम मी डोळे झाकून घेते. आणि एकदा सुट्टीत दिवसभर क्लिक क्लिक करून माझं मनगट असं धरलं की आठवडाभर डाव्या हाताने माऊस वापरला. तेव्हा कळलं की डावखुऱ्या लोकांचं काय होत असेल, माऊस डाव्या हातात म्हणजे चालायला बाणांची बटणं लागतात, आणि काही गेममध्ये बाणांना कामच दिलेलं नसतं, बदलताही येत नाहीत. बटणं बदलू द्यायला कोड्यांची जात बदलावी लागत नाही, चौकोन मोजावे लागत नाहीत, त्यामुळे इथे मात्र मी कुठलीच सबब ऐकून घेणार नाही. फ्रान्सच्या कीबोर्डवर तर डब्ल्यू आणि ए वेगळ्याच ठिकाणी असतात, तिकडचे लोक झेड-क्यू-एस-डी वर चालतात, म्हणजे 'सगळे डब्ल्यू-ए-एस-डी च वापरतात' हे पण खरं नाही.

ज्यांना दोन्ही हात सारखे चालत नाहीत किंवा बोटं नीट वळत नाहीत त्यांच्यासाठी तर हा आवडीनिवडीचा विषयच नाही, गेम खेळता येतो किंवा येत नाही. 2018 ला एक्सबॉक्सचा अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलर आला, दोन तळहाताएवढी बटणं आणि मागे 19 सॉकेट, ज्याला जे जमतं ते जोडा, पायाचं पेडल जोडा. 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' मध्ये साठपेक्षा जास्त अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग होती, म्हणजे अशा लोकांना खेळता यावं म्हणून दिलेल्या सोयी. एवढ्या मोठ्या धावपळीच्या गेममध्ये हे जमतं तर दार उघडून चिठ्ठी वाचायच्या गेममध्ये का नाही जमत हा माझा साधा प्रश्न आहे. आणि जमवलेलं आहे लोकांनी, 2016 च्या 'ऑब्डक्शन' मध्ये मोकळं फिरा किंवा क्लिक करत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जा, दोन्ही आहे. आईने तो क्लिकवाल्या पद्धतीने खेळला, मी स्टिकवर खेळले आणि दोघी एकाच कोड्यावर अडकलो.

तर माझी मागणी एवढीच आहे, प्रत्येक परीक्षणाखाली दोन ओळी वाढवा. नुसत्या माऊसवर खेळता येतो का. कॅमेरा आपण फिरवायचा की गेम फिरवतो. बटणं बदलता येतात का, कंट्रोलर नसला तर अडतं का, सगळं पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा गेम असेल तर डोकं हलल्यासारखं दाखवणं बंद करता येतं का, कारण काही जणांना त्याने मळमळतं. तुमचे लेखक गेम खेळतातच, त्यांना हे पाच मिनिटांत सेटिंग उघडून बघता येईल. तारे तीन द्या नाहीतर पाच द्या, त्यावर मी वाद घालणार नाही.

तो गेम आम्ही परत केला. आई सध्या एका जुन्याच क्लिकवाल्या गेममध्ये अडकलीये, मला उत्तर माहितीये आणि तिने मला खोलीत यायला बंदी केलीये.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. – वर ढकललं की खाली बघायचं असा उलटा कॅमेरा वापरणाऱ्यांबद्दल मी मुद्दामच काही लिहिलं नाही. मी स्वतः त्यातलीच आहे, तो विषय काढला असता तर हे पत्र दुप्पट झालं असतं.