मोठ्या साइजचा वेटसूट बदलून मीडियम मिळण्याबाबत

दि. ८ जानेवारी २०२५
नागपूर

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

डिसेंबरात तुमच्याकडून मी ३/२ मिलिमीटरचा (धडाला ३, हातापायांना २ मिलिमीटर जाडीचा), पूर्ण बाह्यांचा वेटसूट, म्हणजे गार पाण्यात पोहताना घालायचा रबरी सूट, मागवला. किंमत ८,९०० रुपये. नागपूरचं ऊन सगळ्यांना माहीत, पण थंडीतल्या सकाळी आमच्या उघड्या टँकच्या पाण्यात हात घालवत नाही.

तुमच्या साइजच्या तक्त्यात छातीचं माप आहे, बस. उंची नाही, वजन नाही, कंबर नाही. मी मीडियम आणि लार्जच्या मधोमध येत होते, म्हणून फोन केला. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, मोठाच घ्या, मोकळा बरा."

मोकळा असायला हा काय पंजाबी ड्रेस आहे? वेटसूट पाणी अडवत नाही. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर तो धरून ठेवतो आणि अंगाच्या उबेने तो थर कोमट राहतो. सूट सैल असला की दर हाताला ते पाणी बाहेर आणि गार पाणी आत.

घरीच घालून पाहिला, तर पाठीमागे कमरेच्या खळगीत माझी मूठ मावली. लगेच फोन केला. उत्तर: "पाण्यात गेला की बसतो." सूटचं निओप्रीन रबर भिजल्यावर आणखी सैलावतं हो, आवळत नाही! तरी ऐकलं, ही माझी चूक. टँकच्या भिंतीला पाय मारून निघाले, तर मानेतून शिरलेलं पाणी थेट कमरेपर्यंत. बाहेर आले तेव्हा कोपरांपाशी पाण्याचे फुगे लोंबत होते. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझी पखाल झाली."

तिच्याकडे तुमचाच मीडियम आहे. तो घालून पाहिला. सूट घसरत चढावा म्हणून पायांत प्लॅस्टिकची पिशवी घालून, दहा मिनिटं ओढून चढवला. पण काखेत, पाठीत कुठे पोकळी नाही, हात वर केला तर खांदा ओढत नाही, श्वासही पोटभर घेता येतो.

आता तुम्ही म्हणता, वापरलेला सूट परत घेत नाही. पाण्यात घालायला तुम्हीच सांगितलंत ना?

सात दिवसांत मीडियम पाठवावा, कुरिअरचा खर्च तुमचा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करीन, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दावा इथे नागपुरातच लावता येतो, हेही लक्षात असू द्या. बिल आणि कमरेजवळच्या मुठीचा फोटो सोबत जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक