युवा नेतृत्व संस्थेला बजेटमध्ये जागा द्या : नाशिकहून खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, थेट मुद्द्यावर येतो. नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात युवा नेतृत्वाची कायमची संस्था सुरू करा आणि तिच्यासाठी राज्याच्या बजेटमध्ये वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, उघडा, म्हणजे दरवर्षी अनुदानासाठी कुणाच्या मागे फिरायला लागणार नाही.

मी इथे कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी सुरगाणा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत सदस्य झाली, वय 22. मध्यंतरी ती कागदांची पिशवी घेऊन आली, पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे, त्यात बंधित (ठरावीक कामांनाच वापरायचे) किती नि अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे) किती, पाणी-स्वच्छतेचा पैसा रस्त्याला वळवता येतो का, पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, 5 टक्के निधीचं ग्रामसभेने ठरवायचं की आधीच कुणीतरी ठरवून ठेवायचं, असे एकेक प्रश्न. गावात विचारलं तर म्हणे ताई तुम्ही फक्त सही करा. तिने सही केली नाही, एसटी पकडून नाशिकला आली. दुपारभर कॅन्टीनच्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो आम्ही.

अशा पोरी आणि पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. 21व्या वर्षी निवडणूक लढवता येते, निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, पण निवडून आल्यावर काम कसं करायचं हे शिकायचं कुठे? कॉलेजातल्या विद्यार्थी निवडणुका 90च्या दशकात बंद झाल्या, 2016च्या विद्यापीठ कायद्याने परत आणल्या, 2019ला होणार म्हणून पोरं तयारीलाही लागली आणि विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन पुढे ढकलल्या. आमच्या महापालिकेची मुदत मार्च 2022ला संपली, मग कितीतरी वर्षं प्रशासकच. त्या काळात अठरा पूर्ण केलेल्या पोरांना नगरसेवकांची महासभा कशी चालते हे बघायलासुद्धा मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तरुणांना सरकारी कामाचा अनुभव देणारी मुख्यमंत्री फेलोशिप चांगलीच आहे, पण तिला पदवी लागते, 60 टक्के लागतात. बारावीनंतर शेती बघत गावाचं काम करणाऱ्याने काय करायचं? म्हणून मुक्त विद्यापीठ म्हणतोय. 1989 पासून ते अशाच लोकांना शिकवतंय, राज्यभर अभ्यासकेंद्रं आहेत आणि नाव यशवंतरावांचं आहे, ज्यांना नाशिकने 1963 साली लोकसभेवर बिनविरोध पाठवलं होतं.

नवी बिल्डिंग नकोय साहेब. कायमस्वरूपी शिक्षक द्या, सुरगाणा-पेठच्या मुलामुलींसाठी हॉस्टेल द्या, आणि सहा महिने पंचायत समितीत बसून फाईल कशी हलते ते शिकणाऱ्याला विद्यावेतन द्या, कारण घरची मजुरी बुडवून कुणी शिकायला येत नाही. दोन दिवसांच्या शिबिरात बजेट वाचायला येत नसतं, पाहुण्यांची भाषणं होतात, सर्टिफिकेट मिळतं नि पोरं घरी जातात.

सत्तेतला पक्ष यातून स्वतःचे कार्यकर्ते तयार करेल अशी भीती लोक बोलून दाखवतात आणि ती मला रास्त वाटते. म्हणून नियामक मंडळावर विरोधी पक्षाचाही माणूस घ्या, प्रवेशाची यादी आणि खर्चाचा हिशोब दरवर्षी जाहीर करा.

हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांमध्ये (बजेटनंतरच्या जादा खर्चाच्या मंजुरीत) सुरुवातीची तरतूद करता येईल, मार्चच्या बजेटमध्ये पूर्ण. करणार की नाही, एवढं लेखी कळवा.

आपला,
नाशिकचा एक तासिका प्राध्यापक