परीक्षेत जादा वेळ मिळतो, वॉर्डात काय?

महोदय,

बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या पहिल्या वर्षाला काही विद्यार्थ्यांवर ‘इंग्रजी कच्चं’ असा शिक्का बसतो. त्यांतल्या काहींचा प्रश्न इंग्रजीचा नसतोच, डिस्लेक्सियाचा, म्हणजे अक्षरं वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीचा असतो. मराठी माध्यमात तो बराच झाकला जातो. देवनागरीत लिहिलेलं बहुतांशी तसंच वाचायचं असतं, त्यामुळे मूल सावकाश पण बरोबर वाचतं. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरांच्या चुका ‘लक्ष नाही’ या सदरात जातात. नर्सिंगची पुस्तकं मात्र इंग्रजीत, त्यात लॅटिन-ग्रीक शब्दांची गर्दी. आतड्याचा इलियम आणि कमरेच्या हाडाचा इलियम यांच्या स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक. तिथे सगळं उघडं पडतं.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो. केंद्राच्या सूचनांप्रमाणे पात्र परीक्षार्थीला तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक नाकारण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट पुढे करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं. तरीही ‘नर्सिंगला अपात्र ठरवतील’ या धास्तीने पुष्कळ जण अर्जच करत नाहीत.

पण पेपर एकवेळ निभतो. खरी कसोटी क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामात लागते. नाइट ड्युटीत इंजेक्शन भरताना तासामागे २० मिनिटं कोण देणार? तिथे पद्धत लागते, आणि ती मुद्दाम शिकवावी लागते.

औषधाचा डोस घ्या. ऑर्डर ६० मिलिग्रॅम जेंटामायसिनची, अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) २ मिलीत ८० मिलिग्रॅमची. सूत्राला हात लावण्याआधी विद्यार्थ्याने मोठ्याने म्हणावं, ‘साठ हे ऐंशीपेक्षा कमी, म्हणजे दोन मिलीपेक्षा कमीच भरायचं.’ मग कागदावर ६० भागिले ८०, गुणिले २, उत्तर १.५ मिली. आकड्यांची अदलाबदल झाली तर उत्तर २.६७ येतं आणि आधीच्या अंदाजाशी विसंगत दिसल्याने तिथेच पकडलं जातं. तोंडी हिशेब नको, कितीही सोपा वाटला तरी. सलाइनचंही तसंच. ५०० मिली चार तासांत, २० थेंबांना १ मिलीचा सेट, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. बारीक थेंबांच्या मायक्रो सेटमध्ये मिलीला ६० थेंब असल्याने तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब एकच येतात. एवढं पाठ असलं तरी निम्मा ताण जातो.

इन्सुलिनबाबत तर डिस्लेक्सिया नसलेलेही फसतात. मिलीला ४० युनिटच्या व्हायलला (इन्सुलिनच्या बाटलीला) लाल टोपणाची सिरिंज, मिलीला १०० युनिटच्या व्हायलला केशरी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने भरलं तर रुग्णाला अडीच पट डोस जातो. म्हणून व्हायल आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा वाचायचा. ‘युनिट’ शब्द पूर्ण लिहायचा. नुसतं यू लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४चे ४० होतात. दशांशाआधी शून्य हवंच (०.५), पूर्णांकानंतर नको (५.० नव्हे, ५). डोपामाइन आणि डोब्युटामाइन अशी सारख्या नावांची औषधं ट्रॉलीत शेजारी ठेवू नयेत. लेबलवर वेगळा भाग ठळक मोठ्या अक्षरांत असावा. नाव पहिल्या अक्षरांवरून ओळखण्याची सवय मोडून शेवटापर्यंत वाचायला लावावं आणि केसशीटशी (रुग्णाच्या नोंदींच्या कागदाशी) अक्षरन् अक्षर ताडून पाहायला सांगावं.

नोंदी खाटेपाशीच व्हाव्यात. तळहातावर किंवा चिटोऱ्यावर लिहून नंतर टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर उतरवताना १३८चे १८३ होतात. ओळ सरकू नये म्हणून चार्टवर पट्टी ठेवायला दहा रुपयेही लागत नाहीत. हँडओव्हरसाठी, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती देण्यासाठी, घडी घातलेला ए-फोर कागद पुरतो: खाट, निदान, आजचा बदल, राहिलेलं काम, अशा छापील चौकटी, दर रुग्णाला एक ओळ. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली ऑर्डर लिहून परत वाचून दाखवायची. रंगीत पारदर्शक पट्ट्या आणि रंगीत चष्मे मात्र विकत घेऊ नयेत. त्यांच्यामागे भक्कम पुरावा नाही.

ट्यूटरला काय सांगावं, हेही शिकवायला हवं. नुसतं ‘मला डिस्लेक्सिया आहे’ म्हटल्याने सिस्टरला काहीच उमगत नाही. ‘एकदम चार कामं सांगितलीत तर लिहून घ्यायला मिनिटभर लागेल, आणि डोस काढला की एकदा तपासून द्या’, असं म्हटलं की तिला तिचं काम कळतं. रुग्णासमोर, नातेवाइकांसमोर स्पेलिंगवरून झापणाऱ्या ट्यूटरपायी मुलं चार्ट भरायलाच टाळतात आणि सराव तिथेच थांबतो. आत्मविश्वासाच्या व्याख्यानांपेक्षा प्रयोगशाळेत रोज पाच डोसांची गणितं आणि एक खोटा हँडओव्हर यांचा जास्त उपयोग होतो. चूक वॉर्डात होण्याआधी तिथे होऊन जाते, आणि कुठली चूक आपल्याकडून पुन्हा पुन्हा होते ते विद्यार्थ्याला कळतं.

महाविद्यालयांनी पोस्टिंगच्या वेळापत्रकासोबत अशा सोयींची एक पानी लेखी नोंद वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे द्यावी, अर्थात विद्यार्थ्याच्या संमतीनेच. आणि विद्यार्थ्यांनो, दहावीला मिळालेलं डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र चालेल असं गृहीत धरू नका. त्याची मुदत आजच पाहा. नव्याने तपासणी लागली तर तारीख मिळायला वेळ जातो, आणि परीक्षेचा अर्ज त्यासाठी थांबत नाही.

– नर्सिंगच्या काही अध्यापिका, पुणे