थरारक कादंबरीतील अतर्क्य कथानकाबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रकाशक,

विषय : आपण प्रकाशित केलेल्या नव्या मानसशास्त्रीय थरारक कादंबरीबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

‘शेवटच्या पानापर्यंत श्वास रोखून धरायला लावणारी’ हा मलपृष्ठावरचा मजकूर वाचून ही कादंबरी घेतली. श्वास नेहमीसारखाच चालू राहिला, कपाळाला हात मात्र वारंवार लावावा लागला.

नायिका मानसोपचारतज्ज्ञ. ती नवऱ्यालाच पेशंट करून घेते आणि त्याच्या सत्रांचं रेकॉर्डिंग दिराला ऐकवते. जवळच्या माणसावर उपचार करू नयेत, पेशंटचं बोलणं बाहेर जाऊ देऊ नये, ही या पेशातली अगदी प्राथमिक पथ्यं. ती मोडते, मोडू दे. पण अख्ख्या पुस्तकात हे कुणालाच खटकत नाही! पुढे क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लागताच धडधाकट माणूस क्षणात आडवा होतो. प्रत्यक्षात त्यासाठी काही मिनिटं तरी सतत हुंगत राहावं लागतं. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं.

पण शेवट? जुळी बहीण! घटनास्थळी सापडलेले बोटांचे ठसे नायिकेच्या ठशांशी तंतोतंत जुळतात, आणि खून केलेला असतो बहिणीने. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचा डीएनए जवळजवळ सारखा असतो, ठसे मात्र वेगळे असतात. म्हणजे सगळं रहस्य ज्यावर उभं आहे, तेच अशक्य. वाचकाला आधी कल्पना दिल्याशिवाय जुळी माणसं आणू नयेत, हा नियम इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्येच घालून दिला होता. इथे तर निवेदन खुद्द नायिकेच्या तोंडी आहे. निवेदकाने खुशाल लपवाछपवी करावी, पण मागे जाऊन पाहिलं तर कुठेतरी फट सापडायला हवी. मी शोधली. लहानपणच्या वाढदिवसाच्या प्रसंगात पाहुण्यांची नावं ओळीने येतात, जिचा त्याच दिवशी वाढदिवस ती बहीण मात्र गायब.

पात्रं वाईट आहेत म्हणून तक्रार नाही. बेरकी खलनायकावरही आपला जीव जडतो. पण सदा कुरकुरणारा नवरा, खेकसणारा दीर आणि सगळ्यांना तुच्छ लेखणारी नायिका यांच्यापैकी कुणाची म्हणून काळजी करायची? नवरा तळघरात कोंडला गेला तेव्हा मनात आलं, राहू दे तिथेच.

याचं वाईट वाटतं, कारण सुरुवातीची प्रकरणं झकास जमली आहेत. जिन्यावरचा दिवा रोज रात्री कुणीतरी मालवतं, तो भाग वाचताना खरोखर धास्ती वाटली. पण दिवा कोण मालवत होतं, ते शेवटपर्यंत कळतच नाही. आपल्या संपादकांच्याही हे लक्षात आलं नाही?

छपाईचा दोष नसल्याने विक्रेता पुस्तक परत घ्यायला तयार नाही, म्हणून आपल्याला लिहीत आहे. पुस्तक परत घेऊन रक्कम द्यावी. पुढच्या आवृत्तीत ठशांची चूक दुरुस्त करणार आहात का, तेही लेखी कळवावं. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली एक वाचक